दगडाच्या काळजाची

"नको! नको ना गो आत्या... हात नको लावू!"

पडवीतून ती किंकाळी आली आणि मागल्या दारी भात कांडत बसलेल्या गुणाबाईच्या हातातलं मुसळ वरच्या वर थांबलं. पाठोपाठ तेलाची वाटी कलंडल्याचा आवाज झाला. गुणाबाई धावत पडवीत आली आणि उंबऱ्यातच खिळून उभी राहिली.

नवी सून गोदू भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. तिचे मोकळे केस तोंडावर आले होते, दोन्ही हातांनी तिनं स्वतःचं डोकं गच्च दाबून धरलं होतं आणि तिचं सारं शरीर थरथरत होतं. सारवलेल्या जमिनीवर खुरासणीच्या तेलाचा ओघळ पसरत चालला होता. आणि त्या ओघळापाशी गुणाबाईची नणंद भागी, तेलानं माखलेला हात तसाच पुढे धरून, कुणीतरी थोबाडीत मारावी तशी बसली होती.

"मी काय केलं गो वैनी?" भागीचे डोळे भरून आले. "बिचारीला आई नाय, म्हनून मी मेली मायेनं तेल लावाया बसले. अलगद, नुसत्या बोटांनी... तं इंचू डसल्यागत वरडली! मला ढकलून दिलंन!"

एवढ्यात खळ्यातून अनंता आत आला. गुणाबाईचा एकुलता एक मुलगा तो. अंगानं थोराड, पण मन लोण्यासारखं. त्यानं कोपऱ्यातल्या आपल्या बायकोकडे पाहिलं, रडणाऱ्या आत्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागाऐवजी काहीतरी निराळंच उमटलं... जणू कित्येक महिने एकट्यानं वाहिलेलं ओझं कुणीतरी दुसऱ्यानं पाहिलं होतं!

"म्हंजे... तुजापन हात तिला नाय सोसत, आत्या?" तो पुटपुटला, आणि आपण काय बोलून बसलो हे कळताच मान खाली घालून बाहेर निघून गेला.

भागी चमकली. गुणाबाईला मात्र चमकण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती किंकाळी ऐकली त्याच क्षणी तिला सारं उमगलं होतं. कारण ती किंकाळी तिच्या ओळखीची होती. पंचवीस वर्षांपूर्वी, याच पडवीत, ती तिच्या स्वतःच्या गळ्याशी आली होती, आणि तिनं ती गिळली होती!

त्या क्षणी तिनं पुढे व्हायला हवं होतं. पण गुणाबाई उंबऱ्यातून हलली नाही. ती एवढंच म्हणाली, "तेल पुसून घे गो. लुगडं खराब होल." आणि पुन्हा मागल्या दारी जाऊन कांडू लागली.

"दगड हाय दगड!" भागी मागून हुंदके देत म्हणाली. "साऱ्या गावाला ठावं हाय."

खरंच, साऱ्या उंबरपाड्याला ते ठाऊक होतं. धसईच्या बाजारापासून रानाकडे वळणारी पायवाट धरली की लागणारं हे भातशेतीवाल्यांचं गाव. गावात कुणाचं काही लपत नसे. मंगळूची बायको गुणाबाई दगडाच्या काळजाची, हे तर लहान पोरंही सांगत. जिनं स्वतःच्या पोराला कधी कुशीत घेतलं नाही, नवरा गेला तेव्हा जी कुणाच्या गळ्यात पडून रडली नाही, जत्रेत कुणी मैत्रिणीनं हात धरला तर जी झटकन सोडवून घेई, ती बाई दुसरी कोण असणार?

पण त्या दगडाच्या आत काय जळत होतं, ते कुणी पाहिलं होतं?

गुणाबाई लहानपणापासून तशीच होती. कुणाचं बोट हलकेच अंगाला लागलं की तिथली कातडी पेटायची, लाल मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी. नव्या लुगड्याची खळ तिला सोसत नसे. चार बायका एकदम बोलू लागल्या की त्यांचे शब्द डोक्यात दगडांसारखे आदळत. लग्नाच्या हळदीत परक्या हातांची बोटं तोंडावरून, मानेवरून, दंडावरून फिरली आणि ती बेशुद्ध पडली! मग नव्या सुनेला झपाटलंय म्हणून सासूनं भगत बोलावला. मिरच्यांची धुरी, थाळ्यांचा कडकडाट, अंगावर सपासप कडुलिंबाचे डहाळे... त्या दिवशी गुणाबाईनं एक गोष्ट शिकून घेतली. ओरडायचं नाही. दात आवळायचे, डोळे मिटायचे आणि सोसायचं. नवऱ्याचा हात सोसला. सणासुदीची गर्दी सोसली. जगानं म्हटलं, उतरलं हो हिचं भूत!

आणि मग अनंता झाला.

त्याच्यावर तिचा केवढा जीव होता! पण ते कोवळं तोंड छातीशी येई, ती इवलीइवली बोटं गळ्यावरून फिरत, आणि तिच्या सर्वांगातून असा जाळ उठे की आपल्या हातून पोर खाली पडेल या भीतीनं ती त्याला घाईघाईनं चटईवर ठेवी. पोर टाहो फोडी. तीही रडे, पदर तोंडात कोंबून. मग बालपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परतलेली भागी धावत येई, पोराला उचलून उराशी कवटाळी, मुके घेई... आणि पोर गप्प होई. हळूहळू अनंता आईकडे झेपावायचाच थांबला. आई त्याच्यासाठी पाणी तापवून ठेवी, भाकरीची मऊ बाजू त्याला वाढी, त्याच्या पायातला काटा अचूक काढी. पण काटा काढणारे हात आणि कवटाळणारे हात यांत पोराला फरक कळतोच. तो आत्याचा झाला. आणि गुणाबाईनं तोही घाव मुकाट्यानं पदराखाली झाकला.

अशा त्या घरात गोदू आली होती. काळू नदीच्या पलीकडे, डोळखांबच्या रानातल्या पाड्यावरची पोर. आई लवकर गेल्यामुळे घरचं सारं तिच्यावर पडलं होतं आणि लग्न व्हायला विशी उलटली होती. कामाला वाघीण, बोलायला मोजकी. भात आणि कालवण एकत्र करून ती खात नसे, भांड्यांचा आवाज झाला की कान झाकी. पण अनंता शेतावरून यायच्या वेळेला तिचे डोळे बांधाकडे लागलेले असत. पौषात तो म्हसा गावच्या जत्रेला गेला आणि हौसेनं तिच्यासाठी अत्तराचा फाया घेऊन आला. तो कानात खोवताच गोदूला भडभडून उलटी झाली. अनंता तेव्हा नुसता हसला होता. पण त्या हसण्यात किती अपमान गिळलेला होता, हे गुणाबाईला दिसलं होतं.

तेल सांडल्याच्या दुसऱ्या दिवशी सासू-सुना राबासाठी, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पालापाचोळा आणायला रानात गेल्या. परतताना गोदूनं सगळ्यांत मोठा भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला.

"मान मोडल गो तुजी," गुणाबाई म्हणाली. "थोडा माज्या भाऱ्यात घाल."

"ऱ्हाऊ दे आये." भाऱ्याखाली गोदूचा चेहरा कधी नव्हे इतका शांत होता. "जड भारा डोक्यावर असला का मला बरं वाटतं. आतलं सगळं गप होतं."

गुणाबाईच्या काळजात कळ उठली. हेही तेच! कापणी झाली की पेंढ्याच्या उडवीला पाठ टेकून, वर दोनचार भारे ओढून घेऊन ती स्वतः अशीच निपचित पडून राही. जगात तेवढीच एक मिठी होती, जी तिला कधी जाळत नसे.

चालता चालता तिनं विचारलं, "अनंता... तुला वाईट वागवतो का गो?"

"नाय आये! असं नका बोलू!" गोदू एकदम थांबली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं; डोक्यावरच्या भाऱ्यामुळे तिला ते पुसताही येईना. "त्यांच्यावानी मानूस मिळायचा नाय. ते किती हळू हात लावतात... आन जिथं लावतात तिथं माजं कातडं पेटतं! माजं मन नाय हो पळत त्यांच्यापासून. हे आंगच पळतं. मी काय करू?"

हे अंगच पळतं... पंचवीस वर्षांत गुणाबाईला जे शब्द सापडले नव्हते, ते या पोरीनं एका वाक्यात सांगून टाकले होते! तिला वाटलं, आत्ता, या रानात, झाडांशिवाय ऐकायला कुणी नाही, सांगून टाकावं. पण जिनं जन्मभर दार लावून घेतलं, तिला कडी कुठं असते हेच आठवत नाही. तिचा आवाज उलट कठोर झाला.

"दात आवळायचे, डोळे मिटायचे. बाईच्या जातीनं सोसायचं असतं. मी नाय सोसलं?"

गोदूनं मान वळवता येईल तेवढी वळवली. "म्हंजे तुमालापन... असंच होतं आये?"

"गप!" गुणाबाई ओरडली. "चल पुढं. असलं काय नसतं!"

गोदूनं सासूचा शब्द खाली पडू दिला नाही. ती सोसू लागली. दिवसेंदिवस ती सुकत चालली. तिच्या दंडावर तिच्याच दातांच्या खुणा दिसू लागल्या. अनंता काही आंधळा नव्हता. आपल्या जवळ येताच ही प्रेतासारखी ताठ होते, मिटल्या डोळ्यांतून पाणी गळतं, आणि तरी "नको" म्हणत नाही, हे पाहून त्याचं मन आपल्याच हातांना विटलं. त्यानं आपलं अंथरूण गोठ्याच्या पडवीत नेलं.

एके दुपारी गुणाबाई परसात शेणी थापत होती. कुडाच्या पलीकडून दोघांचं बोलणं तिच्या कानी पडलं.

"तुमी दुसरी करा," गोदू म्हणत होती. तिचा आवाज रडून रडून बसला होता. "माजी चुलत भैन हाय, हसरी हाय, मायाळू हाय. तिला मी जीव लावीन. मी या घरात ढोरावानी राबेन. पन मला माघारी नका धाडू. तुमी बांधावरून येताना मला दिसायला पायजेत... तेवढं दिसलं का मला पुरे!"

"मी दिसायला पायजे, पन माजा हात नको!" अनंताचा बांध फुटला. "मी काय राक्षस हाय का गो? लहानपनी आईनं दूर ठेवलं, आता तू! माज्या अंगालाच काय काटे हायेत?"

कुडाअलीकडे गुणाबाईच्या हातातला शेणाचा गोळा गळून पडला. आईनं दूर ठेवलं! एवढ्या वर्षांत तिचा लेक हे एकदाही बोलला नव्हता. तिला वाटलं होतं, विसरला असेल...

तो गेला तो थेट भागीकडे. आणि भागीनं, जिच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं, तिला सुचेल तो उपाय सांगितला. "रानातली पोर. कुठं काय वलांडून आली आसल. वरच्या पाड्यावरच्या नवशा भगताला बोलवू. बाधा उतरली का सोन्यासारखी संसाराला लागल." मग ती परसातून आलेल्या गुणाबाईकडे वळली. "काय गो वैनी, तू काय म्हनतेस?"

एका शब्दाचं काम होतं. नको. पण तो शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न येणार होता, का? आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे लेकासमोर, नणंदेसमोर जन्माचं झाकलेलं उघडं करायचं!

"तुमी ठरवाल तसं," गुणाबाई म्हणाली.

नवशा भगत आला तो दिवस बाजाराचा होता, तरी अर्धं गाव धसईला न जाता खळ्यात जमलं. भगताचा तरी काय दोष? त्याच्या बापानं त्याला जे शिकवलं तेच तो भल्याच्या भावनेनं करत होता. मधोमध पाटावर गोदूला बसवलं. गावातल्या दोघी बायकांनी तिचे दंड धरले. निखाऱ्यांवर मिरच्या आणि केस पडले, धुराचा लोट उठला, काशाच्या थाळ्यांवर काठ्या कडाडू लागल्या. भगतानं डहाळा उचलला.

"बोल! कोन हायेस तू?"

"मी गोदू... मी गोदूच हाय..." ती पोर केविलवाणी म्हणाली. डहाळा सपकन तिच्या पाठीवर बसला. तिनं सासूकडे पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. आणि मग... मग तिनं दात आवळले, डोळे मिटले!

ते पाहिलं मात्र, गुणाबाईच्या आतलं काहीतरी कडकन तुटलं. हे मी शिकवलं! माझ्या सासूनं मला दिलं ते मी हिच्या ओटीत घातलं! उद्या हिच्या पोटी पोर येईल, तेही असंच दुरून रडत राहील, हीही दगड होईल, आणि कुणाला कधीच काही कळणार नाही...

"थांबवा!"

पंचवीस वर्षं गिळलेली ती किंकाळी अखेर बाहेर पडली. गुणाबाईनं पुढे होऊन निखाऱ्यांचं खापर लाथेनं उडवलं, दंड धरणाऱ्या बायकांना दूर लोटलं, आणि जिनं कधी कुणाला जवळ घेतलं नव्हतं ती बाई आपल्या सुनेच्या अंगावर झेपावली. तिनं गोदूला आडवं पाडलं, आपला सारा भार तिच्यावर टाकला, दोन्ही हातांनी तिला करकचून आवळलं. पुढचा डहाळा गुणाबाईच्या पाठीवर बसला. तिला तो जाणवलाही नाही.

"वैनीला धरलं! भूत वैनीत शिरलं!" कुणीतरी ओरडलं. थाळ्या थांबल्या. आणि सगळ्यांनी पाहिलं की सासूच्या भाराखाली गोदूचं थरथरणं हळूहळू थांबत होतं. तिच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. तिनं एक लांब श्वास सोडला.

"आये," तिचे ओठ हलले, "अजून... अजून जोरात धर."

अनंता पुढे आला. "मी बोट लावलं तरी जी पेटून उठते... ती तुज्या अंगाखाली निजली? ही काय करनी हाय आये?"

"करनी नाय रे." गुणाबाईनं मान वर केली. तिचा चेहरा अश्रूंनी माखला होता. "भगता, तू घरी जा. तुज्यावर राग नाय माजा. तुमीपन जा समदे. हे माज्या घरातलं हाय."

लोक कुजबुजत पांगले. खळ्यात चौघंच उरली. गोदू उठून गुणाबाईच्या पाठीला पाठ लावून बसली; आणि तो पाठीचा भार जणू धीर देत होता, म्हणून गुणाबाई बोलू शकली.

"हिला जे हाय ना... ते मलापन हाय. जन्मापासून. हलका हात लागला का कातडं जळतं. अंगावर माशी बसली तं तुमाला गुदगुली होते, मला चटका बसतो. ती बाधा नाय, वैर नाय, किळस नाय. कुनाचा डोळा उन्हात जास्त दिपतो ना, तसं आमचं सारं अंगच दिपतं! मी ते कुनाला बोलले नाय. मला वाटलं, जगात मी एकटीच आसेन, आन सांगितलं तं मला पुन्ना धुरीला बसवतील."

अनंता तिच्याकडे बघतच राहिला. काहीतरी त्याच्या मनात हळूहळू, दुखत दुखत, जागं होत होतं.

"म्हंजे... मी ल्हान होतो तवा... तू मला घेत नव्हतीस ते..."

"घेत होते रे!" गुणाबाईच्या तोंडून हंबरडा फुटला. "रोज घेत होते! तुजं तोंड छातीला लागलं का जीव निगून जायचा, तरी घ्यायचे! हात कापायला लागले का ठेवायचे, पडशील म्हनून... तू रडायचास. मी दाराआड उभी ऱ्हायची. भागीनं उचललं का मला बरं वाटायचं, आन मरन आलं तं बरं असंपन वाटायचं! तुला वाटलं आसल, आईला नकोसा होतास. अरे, तू माज्या अंगाला नाय सोसलास. जीवाला तूच होतास रे, दुसरं कोन होतं मला?"

भागी आतापर्यंत तोंडावर पदर दाबून ऐकत होती. ती धडपडत पुढे आली. वहिनीच्या पायांवर पडायला तिनं हात पुढे केले आणि भीतीनं तसेच हवेत थांबवले. "वैनी... मी तुजं पोर घेतलं गो. वर त्याला सांगत ऱ्हायले, तुजी आई तसलीच, तू माज्याकडं ये. मला तरी कोन होतं? पन मी तुला दगड म्हनले... साऱ्या गावात म्हनले!"

"तू होतीस म्हनून त्याला कूस मिळाली, भागे," गुणाबाई म्हणाली. "मी तुज्या उपकाराखाली हाय."

अनंताला राहवेना. तो आईला मिठी मारायला झेपावला, आणि गुणाबाईचं अंग, सवयीनं, नकळत, मागे सरलं. झालं! पुन्हा दुखावला माझा लेक! पण अनंता थबकला, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत ती जुनी जखम दिसली नाही. तो तिच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. तीही रडली. कितीतरी वेळ मायलेक तसेच, अंगाला अंग न लावता, एकत्र रडले.

मग, सून जरा आत पाणी आणायला गेल्यावर, गुणाबाईनं जमिनीकडे बघत, शरमेनं अर्धमेली होत, लेकाला सांगितलं, जे कुठल्याही आईनं लेकाला सांगायचं नसतं आणि जे सांगायला दुसरं कुणी नव्हतं. "हलक्या हातानं कुरवाळू नको तिला. मागनं जाऊन हात लावू नको. आधी विचार. हो म्हनली तं घट्ट धर, भार दे. नाय म्हनली तं... ते तुला नाय म्हनली असं समजू नको. आन तिनं दात आवळलेले दिसले का तू मागं सर. सोसून दिलेलं सुख घेऊ नको रे बाबा. तुज्या बापाला मी तेच दिलं. त्याला बिचाऱ्याला कधी कळलंपन नाय, का तो जन्मभर एकटाच निजला."

गाव काही एका दिवसात बदलत नाही. गुणाबाईलाही बाधा आहे, ती सुनेला लागली, असं लोक बोलू लागले. बाळंतिणीच्या खोलीत तिला कुणी येऊ देईना, तान्ही पोरं तिच्या सावलीपासून दूर नेऊ लागले. जिनं दगड हे नाव एवढी वर्षं सोसलं, तिला या नव्या नावाचं काय? घरात मात्र हळूहळू, कुणी मुद्दाम काही केल्यासारखं न करता, पुष्कळ बदललं. भागीनं गोदूच्या केसांना बोट लावायचं सोडलं. ती तिला लाकडी फणी आणि तेल देऊन समोर बसे आणि गप्पा मारी. अनंताचं अंथरूण गोठ्यातून कधी परत आलं, ते कुणी विचारलं नाही. चुकाही झाल्या. कधी अनंता विसरे, कधी गोदू सांगायला घाबरे, आणि मग दोन-दोन दिवस अबोला. पण आषाढात लावणी आटोपल्यावर गुणाबाईनं एकदा लांबून पाहिलं... दोघं बांधावर, एकमेकांकडे पाठ करून, पाठीला पाठ घट्ट रेटून बसली होती. एक पूर्वेकडे बघत होता, एक पश्चिमेकडे, आणि दोघंही हसत होती. गुणाबाईनं नजर वळवली. आपल्या मंगळूला असं कधी बसायला सांगता आलं असतं तर, या विचारानं तिचं मन भरून आलं.

दोन वर्षांनी गोदूला मुलगी झाली. जनी. दुसऱ्या महायुद्धामुळे रॉकेल मिळेनासं झालं होतं, दिवेलागणीलाच गाव अंधारात जाई. एके सांजेला, पोर टाहो फोडत असताना, गोदू बाजेवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली गुणाबाईला दिसली.

"आये, मला नाय हो घेववत तिला आत्ता," गोदू विदीर्ण आवाजात म्हणाली. "माजीपन जनी... तुमच्या लेकावानी... मला दगड समजल!"

"नाय समजनार." गुणाबाईनं मऊ जुन्या लुगड्याचं फडकं घेतलं, पोरीला हातपाय आत घेऊन घट्ट गुंडाळलं, की बोटं फिरणार नाहीत, आणि ते गाठोडं गोदूच्या उराशी भार येईल असं ठेवलं. "असं सोसतंय? बघ. नाय सोसलं तं भागीला दे, अनंताला दे. त्यात पाप नाय. पाप एवढंच, का पोरीला काय सांगायचंच नाय. मी अनंताला सांगितलं नाय. तू हिला सांग. समजायला लागली का पयल्या दिवसापासून सांग."

गोदूनं सांगितलं. आणि पोरं किती लवकर शिकतात! ज्या गोष्टीसाठी दोन पिढ्यांनी रक्ताचे अश्रू ढाळले, ती त्या चिमुरडीला बोलायला येऊ लागलं तशी पाणी पिण्याइतकी सहज झाली.

जनी चार वर्षांची असतानाची गोष्ट. मळणी झाली होती, खळ्यात ऊन पसरलं होतं. गुणाबाई सूप घेऊन पाखडत बसली होती. आता तिचे केस पिकले होते आणि नजर अधू झाली होती. जनी ओढ्यावरून धावत आली, ती आईसमोर दोन पावलांवर येऊन थांबली.

"आये, आता येऊ?"

गोदूनं डोळे मिटून क्षणभर स्वतःच्या आत पाहिलं. मग तिनं हात पसरले. "ये गो. जोरात ये!"

पोर आईच्या अंगावर दाणकन आदळली. दोघी खिदळत पेंढ्यात पडल्या. गुणाबाई बघत राहिली. एवढ्यात जनी उठली, अंगाचा पेंढा झटकत आजीसमोर आली, आणि तशीच दोन पावलांवर थांबली.

"आजे, तुज्याकडं येऊ का?"

गुणाबाईचे हात सुपावर थिजले. तिच्या साऱ्या आयुष्यात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता! सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, हळद लावणाऱ्या बायकांनी नाही. आज सकाळपासून तुसानं तिचं अंग नुसतं धगधगत होतं. वारासुद्धा नकोसा झाला होता. हो म्हणावं? दात आवळावे? एवढीशी पोर, तिचं मन मोडायचं? तिनं पोरीच्या डोळ्यांत पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा, भीतभीत, खरं उत्तर दिलं.

"आत्ता नको गो बाय... आज आजीचं अंग पेटलंय."

"बरं!" जनी म्हणाली. ना तिचा चेहरा पडला, ना ओठ थरथरले. "मग उद्या इचारीन." आणि ती गाणं गुणगुणत बापाकडे पळाली.

एवढंच? एवढंच होतं ते? गुणाबाई सुपात बघत राहिली. दाणे दिसेनासे झाले. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं, आणि शेजारी पाखडत बसलेली भागी घाबरून म्हणाली, "वैनी, काय झालं गो? कुटं दुखतंय?"

"कुटंच नाय भागे," गुणाबाई पदरानं डोळे पुसत, हसत म्हणाली. "कुटंच दुखलं नाय... कुनालाच!"